पिवळी ज्योत

आज भातात मीठ घालताना चिमूटभर गॅसवर सांडलं आणि निळी ज्योत एकदम पिवळी झाली. मी घाईने गॅस बंद केला. भात कच्चा होता, तरी पुन्हा पेटवायला हात होईना.

अकरावीत प्रयोगशाळेत सुलभा माझी जोडीदार होती. दिलेल्या पांढऱ्या क्षारात कोणता धातू आहे, ते ज्योतीच्या रंगावरून ओळखायचं होतं. क्षार ज्योतीत धरायची तार तिने तीनदा ॲसिडात बुडवून, बर्नरवर तापवून स्वच्छ केली. टोक वाकडं दिसलं म्हणून मी ते बोटांनी सरळ केलं. मधल्या सुट्टीत आंब्याच्या कलमाखाली पडलेली कैरी मी मीठ लावून खाल्ली होती आणि हात धुतले नव्हते.

ज्योत पिवळीधमक झाली. आम्ही सोडियम लिहिलं. निघालं पोटॅशियम, त्याचा फिका जांभळा रंग माझ्या बोटांवरच्या मिठाने झाकला होता.

“तार कोणी साफ केली?” सरांनी विचारलं.

“मी, सर,” सुलभा म्हणाली.

“असल्या धांदरट हातांनी प्रयोग होत नाहीत.”

मला तेव्हाच कळलं होतं. मी नुसती ओढणीला बोटं पुसत राहिले.

परवा गणपतीपुळ्याला एका लग्नात सुलभा भेटली. तिची मुलगी लॅबमध्ये नोकरीला लागली आहे. “माझ्यावर नाही गेली ते बरं,” ती हसत म्हणाली. “माझे हात धांदरट. सर म्हणालेच होते.”

“चल, पंगत बसली,” मी म्हटलं. पानात वाढलेल्या मिठाला मी शेवटपर्यंत हात लावला नाही.