वळवणची पहिली मंडळी

दिवाळीच्या सुट्टीत लोक माहेरी जातात, फार तर महाबळेश्वरला हवा खायला जातात. मी लोणावळ्याला माफी मागायला गेले. तीही माझी नव्हे, बाबांची.

बाबा चैत्रापासून अंथरुणाला खिळले आहेत. डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत आहे आणि तिचा वापर ते पूर्वीइतकाच सढळ हातानं करतात. उभा जन्म खेड्यापाड्यांत ख्रिस्ती उपदेशक म्हणून हिंडले, आता एकाच खोलीत मला उपदेश करतात. दसऱ्यापासून मात्र त्यांनी एकच धोशा लावला होता, "सुशी, ठकू जिवंत असेल का गं?" ठकू म्हणजे लोणावळ्याजवळ वळवणचं धरण बांधत होते तेव्हा आमच्याबरोबर असलेली, दगड वाहणारी एक कातकरीण. बाबांनी तिचा एकदा अपमान केला होता, बावीस वर्षांपूर्वी, माझ्या डोळ्यांदेखत. एका संध्याकाळी त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "मला जाता येत नाही, तू जा. तिला सांगितल्यावाचून मला सुखानं मरताही यायचं नाही." मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, त्यामुळे नाही म्हणायला मला काही सबब नव्हती.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर सकाळची पॅसेंजर धरा. तिसऱ्या वर्गाला दहा-अकरा आणे पडतात आणि बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळते. विजेचं इंजिन आल्यापासून हा प्रवास फारच सोवळा झाला आहे. लहानपणी आम्ही पुण्याहून पांढरे कपडे घालून निघायचो आणि लोणावळ्याला कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे उतरायचो. आई पदराचं टोक थुंकीनं ओलं करून माझे गाल पुसायची आणि मी बोंब मारायची. आता डोळ्यांत कण जात नाही, गाल पुसायला आईही नाही. खरं सांगते, तो कोळशाचा वास मला हवाहवासा वाटला.

तळेगावला आंबी गावच्या दोन बायका रिकाम्या पाट्या घेऊन चढल्या. त्यांतली थोरली माझ्यासमोर बसली.

"कुटं निघालीस एकटीच?"

"लोणावळ्याला."

"आन मालक?"

"मालक नाहीत. मी लग्नच केलं नाही."

तिनं थोडा विचार केला आणि शेजारणीला म्हणाली, "बरं केलं बाईनं. न्हाईतर सनासुदीला अशी कुटं हिंडली असती?" मग कनवटीतून एक पेरू काढून माझ्या हातात ठेवला. माझ्या लग्नाबद्दल इतकं शहाणपणाचं बोलणं माझ्या आत्यांकडूनही मी कधी ऐकलेलं नाही.

कामशेतपासून दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती. कापलेल्या भाताचा वास खिडकीतून थेट आत येतो, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. मळवलीपर्यंत मी डोळे मिटून बसले होते.

लोणावळ्याला स्टेशनाबाहेर भजी खाल्ली. टांगेवाल्यानं वळवणपर्यंतचे सहा आणे सांगितले आणि चार घेतले. वाटेत मुंबईच्या शेटजींचे बंगले लागतात, त्यांना नावं फुलांची आणि कुंपणं काट्यांची. धरणाच्या भिंतीपाशी उतरले तर समोर नुसतं पाणी, वारा आणि गवतात चरणाऱ्या चार म्हशी. टांगेवाला म्हणाला, "बाई, हितं बघन्यासारखं काय बी न्हाई." त्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं.

त्या म्हशी चरत होत्या तिथं आमची वस्ती होती. कुडाच्या भिंती, वर गवत, अशा झोपड्यांच्या रांगा. नगरकडचे गवंडी, साताऱ्याकडचे बेलदार, दुष्काळातून आलेले मजूर, मावळातले कुणबी आणि डोंगरातले कातकरी, असा सगळा गोतावळा दगड फोडायला जमला होता. बाबा त्यांच्यात आले ते एक झांज, एक एकतारी, आई आणि मला घेऊन. कामाची वेळ सांगायला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. रविवारी बाबा तोच वाजवायचे, तेव्हा निम्मे लोक कामाला निघायचे आणि झांजेचा आवाज ऐकून शिव्या देत परत यायचे.

आमची मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारी ख्रिस्ती माणसं, सुरू झाली ती याकोब गवंड्याच्या झोपडीत, अकरा माणसांनिशी. त्यांतले तीन नुसते सावलीसाठी आले होते. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. ते म्हणायचे, पहिली मंडळी तरी कुठं देवळात भरली होती? प्रभू वर गेल्यावर यरुशलेमेत एका माडीवर काही घाबरलेली माणसं दार लावून बसली, तिथून सुरुवात. त्यांना ना इमारत, ना घंटा, ना पगारी पाळक. आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी जमायचं, प्रार्थना करायची आणि एकत्र भाकर मोडायची. त्यात मासे धरणारे होते, गुलाम होते, जांभळं कापड विकणारी एक बाई होती. प्रेषितांची नावं लोकांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून एकाला बाबांनी कोळीबाबा केलं आणि दुसऱ्याला तंबू शिवायचा धंदा होता म्हणून तंबूवाला. माझ्या लहानपणी मला वाटायचं की हे दोघं खंडाळ्याला राहतात.

भाकर मोडायची तर प्रश्न आला, कुणाच्या हातची? शेजारी बसून देवाचं गाणं म्हणणारी माणसं जेवताना मात्र आपापलं गाठोडं घेऊन पाठमोरी बसत. बाबांनी युक्ती काढली. प्रत्येकानं आपली भाकर आणायची, दारातच तुकडे करून एका मोठ्या पाटीत टाकायचे, पाटी हलवायची आणि मग वाटायचं. कुणाच्या वाट्याला कुणाची भाकर आली ते कळणारच नाही. युक्ती झकास होती. फक्त गवंड्यांची भाकर ज्वारीची पांढरी आणि कातकऱ्यांची नाचणीची काळी, हे बाबांच्या लक्षात आलं नाही. पहिल्या रविवारी सगळ्यांनी काळे तुकडे पानाच्या कडेला सारून ठेवले. दुसऱ्या रविवारी बाबांनी फक्त काळेच खाल्ले. महिन्याभरानं कुणी रंग बघेनासं झालं. त्या जेवणाची चव मला पुढं कुठल्याच पंगतीत मिळाली नाही, आणि त्यात कालवण म्हणून नुसता ठेचा असायचा.

नाचणी आणणारी ठकूमावशी. कुरवंड्याच्या पुढच्या वाडीवरून ती नवऱ्याबरोबर आणि आणखी सात-आठ माणसांबरोबर यायची. मला खांद्यावर बसवून धरणाचा दगडी बांध दाखवायची. कोळीबाबाची गोष्ट तिला सगळ्यांत आवडे, ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. कोळीबाबा अंत्युखिया नावाच्या शहरात सगळ्या जातीच्या लोकांबरोबर खुशाल जेवत होता. मग यरुशलेमेहून मोठी माणसं आली आणि हा गडी भिऊन पंगतीतून हळूच उठला. तेव्हा तंबूवाल्यानं सगळ्यांदेखत त्याला खडसावलं. इथं ठकूमावशी मांडीवर थाप मारून हसायची.

मग एका रविवारी आमची मंडळी बघायला पुण्याहून एक मोठे गृहस्थ आले. खूप शिकलेले, चांगल्या घरचे, बाटल्यावरही सोवळं न सुटलेले. भाकरीची पाटी भरली होती. बाबांनी ती आतल्या बाजूला नेली आणि काळे तुकडे एकेक करून वेचून एका फडक्यावर काढले. मग पांढरी पाटी घेऊन बाहेर आले. ठकूमावशी दारातच उभी होती. तिनं सगळं बघितलं, झोपडीतल्या आम्ही सगळ्यांनीही बघितलं. आत येऊन तिनं फडक्यावरचे तुकडे पदरात घेतले, नवऱ्याला हाक मारली आणि चालू लागली. तिच्यामागून वाडीची सगळी माणसं गेली. ती परत कधीच आली नाहीत आणि बाबांनी कोळीबाबाची गोष्ट परत कधीच सांगितली नाही.

धरणावरून परतून रात्र लोणावळ्यातल्या एका शिक्षिका मैत्रिणीकडे काढली आणि सकाळी कुरवंड्याची वाट धरली. पायी दीड-दोन तास लागतात. टांगा शेवटपर्यंत जात नाही, चपला जाड तळव्याच्या घाला आणि पाणी बरोबर घ्या. नागफणीचा सुळका सारखा समोर दिसतो, म्हणून रस्ता चुकत नाही. गावात एका खळ्यावर एक म्हातारे आबा भात झोडत होते. त्यांना ठकूचा पत्ता विचारला.

"ठकू? वाडीवर तीन ठक्या हायत. कोनची पायजे?"

"धरणाच्या कामावर होती ती."

"मग दगुडवाली ठकू. तिचा मालक गेला दोन सालामागं. ती हाय, लय खमकी हाय." आबांनी पेंढी खाली ठेवली आणि टेकाडापर्यंत मला वाट दाखवायला आले.

ठकूमावशी अंगणात लाकडाच्या मोळ्या बांधत होती. केस पांढरे झाले होते, हात तेच होते. मी नाव सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उपदेशकाची सुशी व्हय? लय वाळलीस. लहानपनी कशी गुबगुबीत व्हतीस."

मी गाडीत बसून सगळं बोलणं पाठ केलं होतं, मुलं निबंध पाठ करतात तसं. ते एका दमात म्हणून टाकलं. त्या रविवारी बाबांनी तुमच्या भाकरीचे तुकडे वेगळे काढले, ते पाप होतं, ते त्यांना रोज आठवतं, त्यांना माफ करा. ती मोळी आवळत राहिली.

"ह्ये सांगाया पुन्याहून आलीस?"

"हो. त्यांना उठता येत नाही, नाहीतर ते स्वतः आले असते."

"आलता की त्यो. तवाच आलता."

मला हे माहीत नव्हतं. आईलाही नसावं.

"तिसऱ्या दिशी आला. पायात काटं मोडल्यालं, त्या तितं दारात हुबा ऱ्हायला. तोंड हालत व्हतं, पन शबुद निगंना. तसाच माघारी गेला. मला कळलं समदं. म्या तवाच सोडून दिलं त्याला."

मी एका मोळीवर बसले. बावीस वर्षं बाबा ज्याच्यासाठी तळमळत होते ते तीन दिवसांत मिळालं होतं आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. मी विचारलं, "मग मावशी, तुम्ही परत का आला नाहीत?"

तिनं मोळी सोडली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"तुजा बाप एकलाच व्हता का तितं? तीस-पस्तीस मानूस व्हतं. त्यांच्यासंगं म्या दगुड उचलला, त्यांची पोरं खांद्यावर घेतली. समदी बघत व्हती. तुजी आय व्हती. तू व्हतीस, माज्याकडंच बघत व्हतीस. त्या कोळीबाबाच्या गोष्टीत एक तंबूवाला तरी व्हता. आमच्यात कोन व्हता?"

मी तेव्हा आठ वर्षांची होते, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

तिनं मला गूळ-पाणी दिलं. निघताना म्हणाली, "म्हाताऱ्याला सांग, ठकूचा राग न्हाई. येवढंच सांग. बाकीचं नगं सांगू, त्याचं वय झालं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुला सांगितलं."

परतीच्या वाटेवर नागफणी पाठीशी होती आणि मावशीचं बोलणं डोक्यात, त्यामुळे काय काय बघितलं ते सांगता येत नाही. लोणावळ्यात बाबांसाठी गुडदाणी घेतली. ती चांगली मिळते, स्टेशनाजवळच्या दुकानातली ताजी बघून घ्या. गाडीत खिडकीची जागा मिळाली होती, पण मी बाहेर पाहिलं नाही.

घरी आल्यावर मावशीनं सांगितलं तेवढंच बाबांना सांगितलं. त्यांनी ते मला तीनदा म्हणायला लावलं. मग चहा मागितला, बशीत ओतून सगळा प्यायले आणि बऱ्याच महिन्यांनी शांत झोपले. दुसऱ्या दिवशी आमच्या आवारातली पोरं त्यांच्या खाटेभोवती जमली होती. बाबा त्यांना कोळीबाबाची गोष्ट सांगत होते, पंगतीतून उठण्यासकट, खडसावण्यासकट. मी स्वयंपाकघरातून ती शेवटपर्यंत ऐकली.

सहलीचा खर्च, वाटा, खाणंपिणं सगळं वर लिहिलं आहे. राहता राहिलं ते मावशीनं मला सांगितलेलं. आमच्या पुण्याच्या मंडळीत शहर झाडणाऱ्या लोकांची चार-पाच कुटुंबं आहेत. ती शेवटच्या बाकावर बसतात आणि प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांचं झाल्यावर त्यांच्यापर्यंत येतो. असा नियम कुठं लिहिलेला नाही. मी सात वर्षं दुसऱ्या रांगेत बसून हे बघत आले आहे आणि एकदाही बोललेले नाही.

लोणावळ्याहून आल्यानंतरच्या रविवारी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. शेजारी येसूबाई होत्या, साठीच्या, हात धुण्याच्या सोड्यासारख्या कशानंतरी फुटलेले. पाळकांनी पुढच्या रांगेला खूण केली तशी मी उभी राहिले आणि साऱ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पाळकसाहेब, आज प्याला इथून सुरू करा." माना वळल्या. कुणीतरी खाकरलं. येसूबाईंनी माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, बाई."

मी राहू दिलं नाही.