अकोल्याहून पंचवीस मिनिटं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माझी पोस्टिंग अमरावतीबाहेरच्या ट्रेनिंग कॅम्पात होती, सिग्नलमध्ये. मी मूळचा तेल्हाऱ्याचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. सकाळी पीटी, मग परेड, मग वायरलेसवर बसायचं. दिवस असाच जायचा.

त्या भादव्यात कॅम्पात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ शिरली. डॉक्टरसाहेबांकडचं सलाइन संपत आलं. अकोल्याच्या डेपोत साठा होता. सडकेनं साठ मैल; पण काटेपूर्णेला पूर होता आणि रेल्वेचा रूळ खचला होता. अकोल्यात एक लहान विमान होतं. त्याला इथवर पंचवीस मिनिटं लागत. आम्ही परेड ग्राउंड मोकळं करून ठेवलं.

सलाइनच्या पेट्यांसोबत नायक महादेव येणार होता. अकोटचा, भरतीपासूनचा माझा जोडीदार. त्याचा धाकटा भाऊ नामदेव आमच्याच कॅम्पात पटकीनं पडला होता, म्हणून त्यानं ही ड्यूटी मागून घेतली होती. निघण्याआधी तो स्वतः सेटवर आला.

"नामदेव कसा हाय? ओव्हर."

"बोलून राहिला. तू ये. ओव्हर."

"निंगालोच. आउट."

पंचवीस मिनिटं झाली. मग तास झाला. ढग अगदी खाली आले होते. विमान परतलेलं नाही, असं अकोल्यानं कळवलं. सुभेदारसाहेबांनी मला चार जवान आणि ट्रक देऊन पश्चिमेकडे पाठवलं. बडनेऱ्याच्या पुढं लोकांनी विमान पडल्याची दिशा दाखवली. सडक सोडताच ट्रक काळ्या मातीत रुतला. आम्ही पायी निघालो.

विमान कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत पडलं होतं. पायलट, एक तरुण गोरे ऑफिसर, सीटवरच गेले होते. महादेवला शेतकऱ्यांनी बाहेर काढून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, निजवलं होतं. कमरेखाली तो चेपला होता. दोन पेट्या शाबूत होत्या.

शेतकऱ्यानं बैलगाडी जुंपली. विमानानं कॅम्प इथून पाच-सात मिनिटांवरच होता. गाडीची चाकं आखापर्यंत चिखलात जात होती. अमरावती किती दूर, असं महादेवनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा आली म्हणून सांगितलं. मग तो म्हणाला, "मले उतरव. पेट्या आंधी जाऊ दे."

मी त्याला उतरवलं नाही. दोन जवानांच्या डोक्यावर पेट्या देऊन त्यांना पुढं पळवलं. ते दिसेनासे होईपर्यंत तो पाहत राहिला. बडनेरा यायच्या आधीच तो गेला.

पेट्या वेळेत पोचल्या. नामदेव वाचला, पण उभं राहायची ताकद त्याच्यात नव्हती, म्हणून महादेवला अग्नी मी दिला. पायलटसाहेबांना कॅम्पामागे पुरलं. बसता येऊ लागल्यावर नामदेवनं विचारलं, "दादा येणार होता ना? काहून नाई आला?"

सुभेदारसाहेब सांगणार होते. मी म्हटलं, मी सांगतो. सांगितलं.

आता पितरांच्या पंधरवड्यात माझ्या घरी दोन पानं जास्तीची वाढतात. एक महादेवचं. दुसरं त्या पायलटसाहेबांचं. त्यांचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही.