वरचं पाणी

मिरजगावच्या मिशन कंपाउंडातल्या आडात योना साळवे पोहरा सोडत, तेव्हा आवाज होत नसे. बायका दोर सैल सोडून पोहरा धपकन आदळत आणि भरला की हिसक्यांनी वर ओढत. योनाभाऊ दोर वीतवीत खाली सोडत, पोहरा पाण्याला टेकला की अलगद तिरपा करत आणि अर्धाच भरून वर घेत. एका घागरीला इतरांच्या तिप्पट वेळ. मी शाळेवर नुकतीच रुजू झाले होते. पहिल्याच सकाळी माझ्यापुढे ते, मागे चार बायका आणि शाळेची घंटा व्हायला दहा मिनिटं. मी म्हटलं, "भाऊ, जरा हात उचला."

त्यांनी मान वळवली नाही. "दम धरा बाई. पानी निजलंय. वरचं वर घ्यावं, त्याला जागं करू नये."

मागून एकजण म्हणाली, "लढाईवरनं आल्यात न्हवं, आडावरबी दबा धरून बसत्यात!" सगळ्या हसल्या. योनाभाऊही हसले, पण दोर वीतवीतच सुटत राहिला.

महायुद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. योनाभाऊ लष्करात नर्सिंग शिपाई होते, आता मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर. वय पस्तिशीचं, बायको युद्धाआधीच वारलेली, मूलबाळ नाही. दवाखान्यामागच्या खोलीत एक ट्रंक, एक घोंगडी, एक स्टोव्ह, बायबल आणि खिडकीत ठेवलेला पांढरा पोवळ्याचा तुकडा. इतकंच सामान. माणूस मूळचा बेलापूरचा, प्रवरेकाठचा. तिथल्या दवाखान्यात जागा रिकामी असताना त्यांनी ती नाकारून आमचं कोरडं मिरजगाव मागून घेतलं होतं. का, ते कोणाला कळलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "पानी लई बघितलं, आता माती बघू."

पाणी त्यांनी खरंच बघितलं होतं. लढाईत त्यांना एका बेटावर धाडलं होतं. त्याचं नाव ते सांगत नसत, पण त्याच्या गोष्टी साऱ्या मिरजगावानं ऐकल्या होत्या, त्याही जखम उघडी असताना. तीच त्यांची पद्धत. कोयता लागलेला, नांगराचा फाळ पायात घुसलेला, असा कोणी आला की ते आयोडीन हातात घेत आणि विचारत, "बेटावर चलतो का?" मग गोष्ट सुरू होई आणि पट्टीची गाठ बसली की आहे तिथं थांबे. पुढचं ऐकायचं तर पुन्हा ड्रेसिंगला यावं लागे. त्यामुळे आमच्या दवाखान्यात ड्रेसिंग चुकवणारा पेशंट नव्हता.

शाळा सुटली की मी औषधांचं रजिस्टर लिहायला तिथं बसत असे. कानावर आलेले तुकडे मी क्रमानं लावले, तेव्हा त्यातून एक सबंध प्रवास तयार झाला. त्यांचा तळ एका मोठ्या बेटावर होता. तिथून डॉक्टर कप्तानसाहेब शिडाच्या होडीतून आसपासच्या बेटांवर रोगी तपासायला जात. बरोबर औषधांची पेटी घेऊन योनाभाऊ, पहाऱ्याला एक शिपाई आणि तिथलेच दोन नावाडी.

"डोंगर न्हाई, वढा न्हाई, दगडसुदिक न्हाई," ते सांगत. "हाय ते समदं पोवळं. बेट केवढं? हितून बाजारतळापस्तोर. एका कडंला शिंकलं तर दुसऱ्या कडंचा मानूस दचकतोय."

"मग रस्ता कसा घावायचा पान्यात?" पायाला जखम झालेला कोणी विचारी.

"रंगावरनं. निळं पानी म्हंजे खोल, हिरवं म्हंजे उथळ, आन तपकिरी दिसलं की खालती खडक. एक नावाडी पुढं हुबा ऱ्हायचा आन नुसता हात हलवायचा. बोलायचा न्हाई. मी तर डोळे मिटून गीत म्हनायचो."

एकदा दोन बेटांमधल्या प्रवाहानं होडी ओढून नेली होती. किनारा दिसेनासा झाला आणि औषधाच्या पेटीनं पाणी उपसावं लागलं. एका बेटावर लाकडासारखा कडक सुका मासा पुढे आला. तो चावताना कप्तानसाहेबांचा दात हलला आणि योनाभाऊंनी तो तिथंच, साऱ्या गावादेखत उपटला. त्या दिवसापासून लोक बाकीचे रोग सोडून दात दाखवायला येऊ लागले. तिथले लोक मुसलमान, भाषा कळत नाही. पण आलेल्याला शहाळं दिल्याशिवाय कोणी सोडत नसे. "समदं मिळालं," ते म्हणत, "भाकर तेवढी न्हाई. दोन वर्सं बाजरीच्या वासावाचून काढली."

बायबलातल्या योनाला माशानं गिळलं होतं, त्यावरून आमचे पाळक, म्हणजे मिशनच्या देवळातले धर्मगुरू, त्यांची थट्टा करत, "काय योना, मासा भेटला का समुद्रात?"

"भेटला की साहेब. रोज ताटात."

पण गोष्ट थांबली की माणूस मिटून जाई. संध्याकाळी ते आडाच्या कट्ट्यावर एकटे बसत. त्यांच्याशी बोलायला येणारे सगळे बेटाशी बोलायला येत, त्यांच्याशी नव्हे. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. मीही रजिस्टर मिटून घरी जात असे.

बाजारच्या दिवशी गावाबाहेरच्या वस्तीवरून गयाबाई येत. कुणबी घरातली विधवा बाई. तिचा एकुलता एक मुलगा सखाराम लष्करात होता, तो वारल्याची तार आली होती. तार इंग्रजी, तीन ओळींची. कुठं वारला ते तीत नव्हतं, कारण लढाईत ठिकाण कळवत नसत. गयाबाई ती पदराच्या गाठीतून काढून माझ्यापुढे धरत. मी दर वेळी तेच वाचून दाखवी आणि त्या दर वेळी तेच विचारत, "मरान कुनाला चुकलंय बाई? पर त्याच्या तोंडात पानी कुनी घातलं का, एवढं लिवलंय का बघा की."

"नाही हो लिहिलेलं."

"नीट बघा. बारीक अक्षरात आसंल."

जाताना म्हणत, "तान्हेला गेला आसंल तर मला हितं घोट उतरत न्हाई." आणि खरंच उतरत नसावा. बाई दर बाजाराला वाळत चालली होती.

एकदा ती दवाखान्याच्या ओट्यावरच आली. आत योनाभाऊ एकाचा हात बांधत होते, बेट रंगात आलं होतं. मी तार वाचू लागले आणि आतली गोष्ट पट्टी अर्धी असतानाच बंद पडली. गयाबाई गेल्यावर मी आत पाहिलं. पेशंट हात धरून बसलेला, ड्रेसर मागच्या दारानं निघून गेलेला. मग आठवलं, याआधीही गयाबाई कंपाउंडात आल्या की ते नाहीसे होत. मी सरळ आडावर गेले आणि विचारलं.

"मी हुतो बाई त्याच्याजवळ," ते म्हणाले. "होडीवर पहाऱ्याला शिपाई असायचा म्हनून सांगतो न्हवं, त्यो सख्याच. तिला सांगाया म्हनूनच मिरजगाव मागून घेतलं."

"मग वर्षभर गप्प का बसलात?"

"बायबलावर हात ठिवून शपत घेतलीय. कुठं हुतो, कोन हुतं, कोन गेलं, कायबी सांगायचं न्हाई. सोडवनारा हुकूम आला न्हाई अजून."

लढाई संपली, सरकार दुसऱ्या कामाला लागलं, आणि हा माणूस मिरजगावच्या आडावर शपथ सोडवणाऱ्या हुकमाची वाट पाहत बसला होता! मला अशा अडचणी आवडतात, कारण त्या कागदावर सुटतात. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या पलटणीच्या कचेरीला इंग्रजीत अर्ज लिहिला, चार मुद्दे घातले आणि खाली त्यांची सही घेतली. सही करताना त्यांचा हात का रेंगाळला, ते मी विचारलं नाही.

उत्तर तीन महिन्यांनी आलं: युद्ध समाप्त झाल्यानं मृताच्या नातलगांस माहिती देण्यास हरकत नाही. मी तो कागद घेऊन जवळजवळ पळतच गेले. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी करून बायबलात ठेवला आणि खाली बसले.

"चला, उद्याच वस्तीवर जाऊ," मी म्हटलं.

"बाई, शपतीचं खरं हाय. पर शपतीच्या आड मी लपून बसलो हुतो." मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी कोणत्याही जखमेवर सांगितली नव्हती.

अशाच एका फेरीत होडी खडकावर बसली. कप्तानसाहेबांना मासेमारांच्या होडीतून तळावर पोचवलं. हे चौघं जवळच्या माणूस नसलेल्या बेटावर उतरले. सखारामला ताप होताच. तिथल्या झुडपांतला किडा चावून येई तो ताप. बेटावर मासेमारांनी खणलेला पुरुषभर खोल खड्डा होता, त्यात गोडं पाणी.

"त्या बेटांवर गोडं पानी खाऱ्या पान्यावर तरंगतंय बाई, दुधावर सायीवानी. नावाड्यानं मला खुनंनं दाखवलं हुतं. लांब काठीला करवंटी बांधायची आन वरचं वर घ्यायचं. ढवळलं की खालचं खारं वर येतंय. दोन दिस तसंच पाजलं त्याला. तिसऱ्या दिशी दुपारी नावाडी होडीकडं गेल्ते. सख्याचा श्वास लागला. पानी, म्हनला. काठी घावंना. मी घाबरलो आन मिलिटरीची बाटली घिऊन खड्ड्यात उडीच घातली. भरली, वर आलो, त्याच्या तोंडाला लावली."

त्यांनी बायबलातला कागद आणखी आत सारला.

"तोंड वाकडं केलं त्यानं. खारं हुतं. पुन्यांदा आनायला वळलो तवर संपलं हुतं. आता त्या माउलीला काय सांगू? पानी घातलं, पर खारं घातलं? आन घातलं कुनी, तर आमच्यासारख्यानं?"

शेवटच्या प्रश्नाचा अर्थ मला कळत होता. मिशनच्या आडाचं पाणी गयाबाईंच्या वस्तीतलं कोणी पीत नसे. आमचे आजे-पणजे ख्रिस्ती होण्याआधी कोण होते, ते गाव विसरलं नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले. गयाबाई अंगणात सुपात मटकी निवडत होत्या, त्यांचे दीर बाजेवर बसले होते. योनाभाऊ अंगणाच्या कडेला उभे राहिले आणि सांगू लागले. बेट, होडी, ताप. गयाबाईंचे हात सुपातच थांबले. "पानी?" त्यांनी विचारलं.

"मी पाजलं, आई. ह्या हातानं."

दीर बाजेवरून म्हणाले, "घ्या! शेवटाला मिशनवाल्याच्या हातचं."

"तुमी गेल्ता का तितं?" गयाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "न्हाई न्हवं? मंग गप बसा." आणि योनाभाऊंना, "कसं हुतं रं पानी? चांगलं हुतं का?"

मी जमिनीकडे पाहत होते. खोटं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दुकानात कोणाला चढा भाव लावलेला दिसला तर ते दुकानदाराला नव्हे, गिऱ्हाइकाला सांगून मोकळे होत. ते म्हणाले, "गोड हुतं, आई. शहाळ्यावानी."

गयाबाई खूप वेळ रडल्या. परतताना दोन मैल योनाभाऊ माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिले.

त्या रविवारपासून ते देवळात मागच्या बाकावर बसू लागले. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला पुढं आला की मान हलवून नको म्हणत. मनात पाप ठेवून तो घेऊ नये, अशी आमची रीत. पाळकांनी मला विचारलं, "योनाला झालंय काय?" मला माहीत होतं. मी माहीत नाही म्हटलं. म्हणजे आता खोटं बोललेले आम्ही दोघं.

चार-पाच महिने असेच गेले. वैशाखात एका बाजारी गयाबाई आल्या. माझ्याकडे नाही, दवाखान्यातही नाही, थेट आडावर. आडावरच्या बायका बाजूला सरल्या. योनाभाऊ पाणी काढत होते. गयाबाई समोर बसल्या, ओंजळ पुढे केली आणि म्हणाल्या, "घाल."

वैशाखात आमच्या आडाचं पाणी मचूळ होई. त्यात डाळ शिजत नसे. मी स्वयंपाकाला दुसरीकडून हंडा आणवी. मी पुढं होऊन ते सांगणार होते, पण योनाभाऊंचा दोर सुटला होता, वीतवीत, आवाज न करता. त्यांनी तिच्या ओंजळीत धार धरली. ती घोट घोट प्याली. तोंड जराही वाकडं केलं नाही. पदरानं तोंड पुसलं, त्यांच्याकडे बघितलं.

"गोड हाय रं," ती म्हणाली. "लई गोड हाय." आणि उठून बाजाराला गेली.

योनाभाऊ पोहरा धरून तसेच उभे होते. "बाई," ते म्हणाले, "वैशाखात ह्या पान्याला कुनी गोड म्हनलंय का आजपस्तोर?"

"नाही," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी ते पुढच्या बाकावर आले आणि त्यांनी प्याला घेतला.

पुढच्याच वर्षी माझी नगरला बदली झाली. निघताना त्यांनी माझा फिरकीचा तांब्या भरून दिला, अर्थात सावकाश. नगरची मोटार चुकता चुकता राहिली. तो पोवळ्याचा तुकडा त्यांनी मला दिला. आता तो नगरमध्ये सावेडीला माझ्या टेबलावर असतो. नकाशात मी ती बेटं शोधून काढली आहेत: सिलोनच्या खाली डावीकडं ठिपक्यांची एक ओळ, मालदीव. आता नाव सांगायला हरकत नाही, परवानगीचा कागद होताच.

योनाभाऊ काही वर्षांनी बेलापूरला वारले. पत्र आलं तेव्हा महिना उलटला होता. पत्रात तारीख होती, आजार होता, पुरलं कुठं तेही होतं. मी ते दोनदा वाचलं, मागची बाजूही पाहिली. मग उत्तर लिहिलं, त्यात एकच मुद्दा: शेवटी जवळ कोण होतं, आणि तोंडात पाणी कोणी घातलं?

त्या पत्राला उत्तर आलं नाही.