लुगडं नेसणाऱ्याची बायको

चांदा जिल्हा तेव्हा एकच होता, पार सिरोंच्यापर्यंत. मी नागपूरला कॉलेजात होते आणि परीक्षेसाठी एक छोटा प्रबंध लिहायचा होता. विषय मी हट्टाने निवडला: दंडारीत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या लोकनाट्यात, बाईचं सोंग घेणाऱ्या पुरुषांच्या बायकांना काय वाटतं? सर म्हणाले, "बायका बोलणार नाहीत." झालं! कोणी नाही म्हटलं की माझ्या अंगात येतं.

सिंदेवाहीच्या आसपास दहा दिवस पायपीट केली. वहीतला पहिलाच प्रश्न, लाज वाटते का? तोही मी शहाणी सासूच्या देखत विचारायची. सुना पदराआड हसायच्या, "काय वाटनार बाई!" म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. वही कोरीच राहिली. मला रडू यायचं, खरं सांगते.

शेवटच्या गावात मंडई होती. दिवाळीनंतरच्या या जत्रेत दंडार भरदुपारीच व्हायची. ज्याच्या सोंगाचं सगळीकडे कौतुक होतं त्याच्या घरी गेले, तर दारात बैलगाडी उभी. सासरा आला होता, पोरीला न्यायला.

"जवाई लुगडं नेसते, लोक मले हासते," तो पोरीला म्हणाला. "आज त्यानं नेसलं तं तू चाल माह्यासंगं. दुसऱ्यासंगं पाट लावून देतो."

नवरा खाली मान घालून पुटपुटला, "नाई नेसत मी."

ती त्याच्यावरच उखडली. "काऊन नाई?" पेटीतून स्वतःचं लग्नातलं लुगडं काढलं, बापासमोर त्याला नेसवलं आणि काष्टा खोचत म्हणाली, "बाबा, पहिले पाहा. मंग तुमी म्हनसान तं येतो मी."

म्हाताऱ्याने जावयाचं सोंग कधी पाहिलंच नव्हतं. काठी घेऊन तो पुढेच बसला. मी तिच्याशेजारी, बायकांत.

ढोलकी वाजली. तो डोक्यावर घागर घेऊन आला. शिट्ट्या पडल्या. दोन पावलं चालला, डावी टाच टेकली, चटकन उचलली, श्वास धरला आणि मग पुढचं पाऊल टाकलं.

म्हातारा ताडकन उठला. "माह्या पोरीच्या लहानपनच्या लंगडन्याची नक्कल करते!" त्याने काठी उगारली, ढोलकी थांबली.

ती सरळ रिंगणात शिरली. "लहानपनी झाडावरून पडली होती मी. पाय बरा झाला म्हनून तुमी सोडून देल्लं. नाई झाला, बाबा. घागर घेऊन तळ्याची पार चढतानी अजून कळ येते. मी कोनाले सांगतलं नाई, त्याले बी नाई. त्यानं पाह्यलं." मग ती शिट्ट्या मारणाऱ्यांकडे वळली. "तुमच्यातल्या कोनाले ठावं हाय, बायको घागर उचलतानी कोन्ता हात पहिले लावते?"

पुरुष टोप्या सारख्या करू लागले. बायका मात्र खदखदून हसल्या आणि माझ्याभोवती गोळा झाल्या. "माहं लिव्हा बाई, माहं!" लाजेचा प्रश्न मी खोडला आणि लिहीत सुटले. त्या एका दुपारी वही भरली.

म्हाताऱ्याने काठी खाली ठेवली. "लई दुखते काय वो?" त्याने पोरीला हळूच विचारलं. मग ढोलकीवाल्यावरच खेकसला, "वाजव ना!"

दंडार शेवटपर्यंत पाहून तो गाडीत चढला, एकटाच. जावई लुगड्यातच निरोप द्यायला आला.

"जवाईबापू," म्हातारा म्हणाला, "उद्यापासून घागर तुमीच आना. चालनं तं तुमाले येतेच."