ताठ खांद्याचं पितळ

दशरथ गायसमुद्रे बहरीनमधल्या मुहर्रकच्या त्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा, सदानंद देवस्थळींच्या म्हणण्यानुसार, आधी जिना हलला, मग भिंतीवरचं घड्याळ थांबलं, मग विमानतळावर उतरायला आलेलं एक विमान विचार बदलून पुन्हा वर गेलं, आणि त्यानंतर दारात एक ट्रंक येऊन उभी राहिली. ट्रंकेच्या मागे माणूस आहे हे बऱ्याच वेळाने कळलं. ही हकिगत देवस्थळी जितक्यांदा सांगत तितक्यांदा ट्रंक वाढत जाई. शेवटी शेवटी तर ती वर चढवायला बंदरावरून क्रेन आणावी लागली होती. प्रत्यक्षात ती भुसावळच्या बाजारातली साधी पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यामागचा माणूस पाच फूट तीन इंच होता. त्याने ट्रंक जमिनीवर टेकवली तेव्हा आतून काहीतरी किणकिणलं.

"काय आहे हो आत?" देवस्थळींनी विचारलं.

"सामान, साहेब."

या उत्तरावर देवस्थळींनी सात महिने काढले.

देवस्थळी ॲल्युमिनियमच्या कारखान्यात माल तपासायचे. संशय घेण्याचाच त्यांना पगार होता आणि ते तो सुटीच्या दिवशीही इमानेइतबारे कमवत. चांगला माल म्हणजे अजून नीट न तपासलेला माल, असं त्यांचं मत. दुधाची पिशवी ते आधी उजेडात धरत, मग हुंगत, मग तारीख वाचत, आणि ती बरोबर निघाली की थोडे खट्टू होत. फ्लॅट त्यांच्या नावावर होता. भाडं एकट्याला झेपेना म्हणून एक खोली गायसमुद्रेंना दिली होती.

पण १९९५ सालच्या त्या उन्हाळ्यात त्यांच्या संशयाला सबळ कारण होतं. पत्नी नीला आणि मुलगी कश्मिरा पुण्याला होत्या. तीन वर्षं देवस्थळी एकटे राहिले होते आणि आता कुठे फॅमिली व्हिसाचा अर्ज सरकारी कार्यालयात गेला होता. कंपनीची सरकारदरबारची कामं करणारा मंदूब म्हणाला होता, "महिनाभरात होईल, इंशाल्ला. तोवर मफी मुश्किल. समझा? घर में कुछ लफडा नहीं मंगता." दिवसही नाजूक होते, देशात निदर्शनं आणि धरपकड चालू होती. रस्त्यावर चौक्या बसल्या होत्या, खुबूसची रोटी आणायला जातानासुद्धा लोक कार्ड खिशात ठेवत. अशा वेळी शेजारच्या खोलीत किणकिणणारी ट्रंक!

गायसमुद्रेंच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि देवस्थळींच्या लेखी हेच सगळ्यात वाईट होतं. पहाटे उठून बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढे हळू आवाजात वंदना. मग चादरीची घडी, अशी की तिच्या कडेवर पट्टी ठेवून रेघ मारावी. मग हिद्दच्या वर्कशॉपची गाडी. संध्याकाळी पोळ्या, वरण, आणि भुसावळला पत्नी ज्योत्स्नाबाईंना पत्र. धाकटी मुलगी जागृती गणितात कच्ची होती, म्हणून पत्रात तिच्यासाठी तीन उदाहरणं असत. उत्तरं पुढच्या पत्रात. हिद्दला येण्यापूर्वी या माणसाने चौदा वर्षं वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात पितळ तापवलं होतं. पितळाला किती आच लागली ते तो नुसत्या रंगावरून सांगे. ज्योत्स्नाबाईंनी पहिल्या भेटीत विचारलं होतं म्हणे, "तुम्ही माझ्याकडे बघून राह्यले का माझ्या बांगड्यांकडे?" त्या पितळेच्या निघाल्या होत्या.

हे सगळं देवस्थळींना ठाऊक होतं. त्यांनी त्यातला 'दारूगोळा' हा एकच शब्द उचलून ठेवला होता.

आणि मग रवा कमी होऊ लागला.

हा रवा नीलाताई पुण्याहून भाजून, फडक्यात बांधून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवत. देवस्थळी दर रविवारी मोजून एक वाटीचा उपमा करत. डब्यातला रवा रविवारी जिथवर सोडला तिथवर पुढच्या रविवारी सापडेना, बोटभर खाली. त्यांनी डब्याच्या आत पेन्सिलीने खूण केली. खूण उघडी पडली. गायसमुद्रे उपमा खात नव्हते, शिरा करत नव्हते. घरात मुंग्याही नव्हत्या.

बुधवारी गायसमुद्रे कामावर असताना साबण शोधण्याच्या निमित्ताने देवस्थळी त्यांच्या खोलीत गेले. साबण लगेच सापडला. त्याला खालून गोल गोल भोकं पाडलेली होती. साबणाशेजारी हॉर्लिक्सची बाटली. तिच्यात पितळेच्या पुंगळ्या, बोटाएवढ्या, काडतुसाच्या. शेजारी कागदाच्या पुडीत रवा. नीलाचा रवा!

देवस्थळी खाटेवर बसले. पुंगळ्या दोन जातीच्या होत्या. काहींचा मानेखालचा खांदा उतरता, काहींचा ताठ, कवायतीला उभा केल्यासारखा. सवयीने त्यांनी एक उजेडात धरली, काम उत्तम होतं हे मनात नोंदवलं, आणि मग बोटांचे ठसे पुसून ती परत ठेवली.

त्याच दुपारी त्यांनी मंदूबला गाठलं. नाव वगैरे घ्यायचं नव्हतं, फक्त उद्या काही झालं तर आपला संबंध नाही एवढं सुचवून ठेवायचं होतं. पण मंदूबने तीन प्रश्न विचारले आणि देवस्थळींनी नाव, खोली, बाटली आणि रवा, सगळं सांगितलं.

"रवा क्यों?" मंदूबने विचारलं.

"वही तो!" देवस्थळी म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. स्वयंपाकघरात पोळी लाटणाऱ्या गायसमुद्रेंसमोर त्यांनी डबा आपटला. "गायसमुद्रे, हा रवा कुठे जातो?"

"बंदुकीत, साहेब."

देवस्थळींनी ओटा धरला.

"तुमच्या मंडळींचा रवा लई कोरडा. भाजलेला ना. इथला दुकानातला दमट, त्याचा गोळा होतो. तुम्हाला विचारनार होतो, पन तुम्ही दुधाच्या पिशवीलासुद्धा इतकं विचारता की माझी हिंमत नाही झाली. उद्या चला ना. बघा तरी, काय करून राह्यलो ते."

देवस्थळी गेले. का गेले ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. उजव्या मोज्यात पासपोर्टची झेरॉक्स होती, डाव्या मोज्यात नीलाचा फोन नंबर. न्यायला हुसेन आला, सत्तरीचा बहरीनी म्हातारा, धुवट पांढरा पायघोळ थोब, पिकअपमध्ये खजुराचा डबा. पिकअप दक्षिणेला वाळवंटाकडे वळली तशी देवस्थळींनी मागे राहिलेल्या मशिदी मोजायला सुरुवात केली. प्रेत शोधणाऱ्यांना सांगायला बरं.

"तुमारा दोस्त इतना चुप क्यों?" हुसेनने विचारलं.

"तपासनी करून राह्यले," गायसमुद्रे म्हणाले.

वाळवंटात निघाला तो एक रायफल क्लब. दारावर वही, वहीवर कारकून, भिंतीवर परवाने चौकटीत, सावलीत तीन म्हातारे चहा पीत बसलेले. रायफली आणि बारूद क्लबातच कुलपात. हुसेनचं वेड असं, की त्याने स्वतःच्या कल्पनेचं एक काडतूस कागदावर आखलं होतं आणि रायफलीतलं काडतूस बसायचं घर त्या मापाने कोरून घेतलं होतं. तसं काडतूस जगात कुणी बनवत नव्हतं. मग बाजारातली उतरत्या खांद्याची पुंगळी घ्यायची, आत किंचित बारूद, वर रवा, तोंडाला साबणाचं बूच, आणि गोळी न घालताच उडवायची. आतल्या दाबाने पितळ फुगून रायफलीच्या घराला चिकटतं आणि त्याचाच आकार घेऊन बाहेर पडतं. नरम पडलं तर फुगून बसतं, कडक राहिलं तर तडकतं. दोहोंच्या मधली आच या अख्ख्या बेटावर ओळखायचा तो एकटा गायसमुद्रे.

हुसेनने खटका ओढला. 'फट्' आवाज झाला आणि नळीतून नीलाताईंचा रवा पांढऱ्या ढगासारखा निघून वाळवंटावर पसरला. गायसमुद्रेंनी बाहेर पडलेली पुंगळी देवस्थळींच्या तळहातावर ठेवली. कोमट होती. खांदा ताठ.

"अरे वा!" देवस्थळींच्या तोंडून निघून गेलं.

पुढे दोन तास ते कुणाचंच ऐकेनात. प्रत्येक पुंगळी चष्म्याला टेकवून तपासली. सतराव्या पुंगळीच्या मानेवर त्यांनी केसाएवढी चीर पकडली, जी गायसमुद्रेंनाही दिसली नव्हती.

"नापास!" ते ओरडले.

हुसेनने भिंग लावून पाहिलं. चीर होती. "ये आदमी," तो गायसमुद्रेंना म्हणाला, "इसको हर जुमा लेके आना!" तिन्ही म्हाताऱ्यांनी खजूर पुढे केले. परतताना देवस्थळी इतके बोलले की पिकअपमध्ये दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची सोय उरली नाही. मग मुहर्रकचा पूल आला आणि त्यांना बुधवार आठवला, मंदूब आठवला.

शनिवारी सकाळी सकाळी त्यांनी मंदूबला गाठलं. "वो आदमी एकदम अच्छा है. मैंने जो बोला, भूल जाव."

"खलास," मंदूब म्हणाला. "मैंने बोल दिया ऊपर."

रविवारी दोघं कामावरून परतले आणि पाठोपाठ दोन सरकारी अधिकारी आले. गायसमुद्रेंनी ट्रंक उघडली, क्लबचं पत्र काढलं. रिकाम्या पुंगळ्या बाळगायची परवानगी, तीन शिक्के. अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, पुंगळ्या मोजल्या, समाधानाने मान हलवली. मग थोरल्याने आपल्याजवळची फाइल उघडली. ती देवस्थळींची होती.

"तुमने लिखा है, फॅमिली का घर. दूसरा कोई नहीं रहता." त्याने गायसमुद्रेंकडे बोट केलं. "तो ये कौन?"

देवस्थळींनी फाइलमधली स्वतःची सही पाहिली. अर्ज भरताना मंदूबनेच सांगितलं होतं, तसं लिही, सगळेच लिहितात.

"मेहमान है," गायसमुद्रे घाईने म्हणाले. "मैं इनका मेहमान. आजच जानेवाला."

"तुमारा कार्ड दिखाव."

कार्डावर याच फ्लॅटचा पत्ता होता, सात महिन्यांपूर्वीच्या तारखेसह. अधिकाऱ्याने ते फाइलमध्ये टिपून घेतलं. दोघांनीही पाणी नको म्हटलं आणि गेले.

गायसमुद्रे बराच वेळ ट्रंक बंद करत होते. "तुम्हीच सांगितलं का, साहेब?"

"हो."

"मंडळी यायच्या म्हनून?"

"हो."

"मग बरोबर केलं," गायसमुद्रे म्हणाले. मग ट्रंकेची कडी लावत म्हणाले, "पन आधी मला विचारायचं ना. मी तेव्हाच ट्रंक उघडून दाखवली असती."

"मला वाटलं, तुम्ही खरं सांगणार नाही."

"सात महिन्यांत तुम्ही एकदाच विचारलं, साहेब. सामान आहे म्हनलो. सामानच होतं."

त्या संध्याकाळी गायसमुद्रे हिद्दच्या कामगार कॅम्पमध्ये राहायला गेले. ट्रंक उतरवायला देवस्थळींनी एका बाजूने हात लावला.

चुकीच्या माहितीबद्दल अर्ज परत आला. देवस्थळींनी तो नव्याने भरला आणि व्हिसा पुढच्या वर्षी मंजूर झाला. तोवर कश्मिराचं दहावीचं वर्ष सुरू झालं होतं, म्हणून त्या दोघी आल्या नाहीत.