पानथरीवरचा ठिपका

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षं बसलं की डोळ्यांना चष्मा लागतो आणि डोक्यात किस्से साठतात. त्यात पानथरीचे किस्से वेगळेच. पानथरी म्हणजे डाव्या बरगड्यांखालची प्लीहा. तिच्यात कधीकधी निरुपद्रवी गाठ सापडते. पण ‘गाठ’ म्हटल्यावर पुढचं कुणालाच ऐकू येत नाही!

*

अर्नाळ्याच्या एका मासेवाल्या मावशींना ‘उपाशीपोटी या’ असं सांगितलं होतं. सकाळी बघते तर अख्खं बाक भरलेलं!

“तपासणी कोणाकोणाची?”

“माझी एकटीची. पन मी उपाशी, नि ह्या शेजारनी कशा जेवतील?”

मी मावशींना सगळ्यांच्या आधी आत घेतलं. गाठ पाण्याची, साधी निघाली. बाहेर लगेच डबे उघडले.

*

गास गावचे एक काका. पानथरीत कधीच्या बऱ्या झालेल्या आजाराचा चुन्यासारखा कण राहिला होता, बस्स.

“काही करायचं नाही,” मी म्हटलं.

काका हिरमुसले. “कायच नाय? मग गावात सांगू काय?”

*

नालासोपाऱ्याचा एक इंजिनियर आईला घेऊन आला. नेटवरचे सगळे भयंकर कॅन्सर त्याला तोंडपाठ! मी प्रोब फिरवतेय आणि हा एकेक नाव घेतोय. शेवटी टेबलावरून आई म्हणाली, “मॅडम, माझं राहू द्या. आधी ह्याला झोपवा इथे. चार दिवस डोळा लागला नाही पोराचा.”

*

भुईगावच्या फिलोमेनाबाईंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये पानथरीवर चांगली मोठी गाठ होती. मला ती रक्तवाहिन्यांची साधी गाठ वाटत होती, पण खात्री देता येईना. सर्जननी पानथरी काढायची तारीख दिली. बाईंचं हृदय कमजोर. भूल सोसेल की नाही, याचीच सगळ्यांना धास्ती.

“पूर्वी कधी स्कॅन केलाय?” मी विचारलं. गाठ तेव्हाही एवढीच असेल, तर घाबरायचं कारण उरत नव्हतं.

“मुतखड्याच्या वेळी केलेला,” बाई म्हणाल्या. “पन ती फिल्म ह्यांनी वाडीत टांगली. पेरूवर पोपट येतात ना!”

मी त्यांच्या नवऱ्याकडे, पास्कूकाकांकडे बघतच राहिले. आमच्याकडच्या जुन्या फिल्म शेवटी अशाच पाखरं हाकलायला कुठेतरी टांगल्या जातात. काका उठले आणि रिक्षा करून घरी गेले.

परत आले ते फिल्म घेऊनच. कडा फाटलेल्या, वर पक्ष्यांची घाण. मी ती ओल्या फडक्याने हलकेच पुसली आणि दिव्यासमोर धरली. गाठ तिथेच होती. तेवढीच होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू! सर्जननी दोन्ही फिल्म स्वतः पाहिल्या आणि ऑपरेशन रद्द केलं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाले.

फिलोमेनाबाईंनी क्रुसाची खूण केली.

“काका, आता ही फिल्म कपाटात जपून ठेवायची,” मी बजावलं.

“नाय मॅडम, झाडावरच बरी,” काका ती हळूच गुंडाळत म्हणाले. “सकाळी झाडांना पानी घालताना रोज तिच्यात हिला बघतो मी.”