शिंगामागचा ठसा

काकूंच्या रंगपेटीत काळा रंग नव्हता. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्या राहत आणि तैलरंगात फक्त जनावरं रंगवत. मी ऑफिस सुटलं की त्यांच्याकडे शिकायला जाई. काळीभोर म्हैससुद्धा त्या निळा आणि तपकिरी रंग मिसळून काढत. "नळीतला काळा लावलास की जनावर मेलं म्हणून समज. कातडीखाली रक्त असतं गं. ते आधी रंगव."

म्हणून कॅनव्हासवर पहिला हात तांबूस, पातळ. तो वाळेपर्यंत ब्रशला शिवायचं नाही. मग थरावर थर, आणि त्या काळ्यातून खालची ऊब झिरपत राही. ओल्या नाकपुडीवरचा पांढरा ठिपका मात्र जाड, एका फटक्यात. तो पडला की म्हैस श्वास घेऊ लागे.

एकदा नांदगावकडचं एक जोडपं आलं. त्यांची चंद्री म्हैस विजेच्या तारेला चिकटून गेली होती. बाईनं मोबाइलमधला फोटो पुढे केला. जनावराच्या मानेवरून हात फिरवल्याशिवाय काकू कधी चित्र काढत नसत. त्यांनी फोन बाजूला ठेवला. "तुम्ही तिला कुठं कुरवाळायचात?"

"शिंगामागं. तिथं लय मऊ व्हती. धार काढताना मान वळवून माझ्याकडंच बघायची."

ती दोघं चित्र न्यायला आली तेव्हा रंग पुरता वाळला नव्हता. काकू "थांबा" म्हणेपर्यंत बाईनं शिंगामागं तळहात टेकवलाही. मी चिंधी घेऊन धावले.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "आता पुरी झाली."

पुढे साखरेच्या आजारानं काकूंची नजर गेली. ब्रश धुऊन त्यांनी मला देऊन टाकले. रडल्या नाहीत, जेवण मात्र सुटलं. एका सकाळी म्हणाल्या, "मला कुठल्या तरी गोठ्यात ने."

ओझरच्या रस्त्यावर ओळखीचा गोठा होता. तिथल्या वासराजवळ त्या चाचपडत बसल्या, मानेवर हात ठेवला. मग माझा हात ओढून त्यांनी आपल्या हाताखाली घेतला. "नुसती बघत बसतेस. हे बघ."

माझ्या तळव्याखाली वासराची मान गरम होती, धडधडत होती. वरचा काकूंचा हात मात्र गार, हलका. त्यानंतर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. दिवाळीच्या आधीच गेल्या.